शक्ती, सत्ता आणि अधिकार : ओतोमो यांच्या ‘अकिरा’तील किशोर

१

कात्सुहिरो ओतोमो या जपानी चित्रकथाकाराची ‘अकिरा’ ही मालिका डिसेंबर १९८२ ते जून १९९० या काळात कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘यंग मॅगझिन’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. ग्रंथरूपात तिचे सहा खंड असून पृष्ठसंख्या दोन हजारांहून अधिक आहे. १९८८ साली ओतोमो यांनीच तिच्यावर चित्रपट दिग्दर्शित केला आणि जपानबाहेर तिचे नाव पोचले ते प्रामुख्याने या चित्रपटामुळे. मात्र चित्रपट पडद्यावर आला तेव्हा चित्रकथा अपुरीच होती. शहराच्या विनाशानंतर उभे राहणारे मुलांचे ‘साम्राज्य’ चित्रपटात नाही. त्यामुळे केवळ चित्रपटावरून बनलेल्या मतांत या कृतीचे एक अंग, आणि तेच अधिक महत्त्वाचे, निसटून जाते. प्रस्तुत विवेचन मूळ चित्रकथेला धरून आहे.

‘अकिरा’चा विषय म्हणून ‘पॉवर’ हा इंग्रजी शब्द सहज वापरला जातो. त्या एका शब्दात अनेक गोष्टी एकवटल्या आहेत आणि म्हणूनच तो येथे अपुरा पडतो. मराठीत शक्ती, सत्ता आणि अधिकार ही तीन पदे वेगळी आहेत. शक्ती म्हणजे स्वतः काही करू शकण्याची क्षमता. सत्ता म्हणजे इतरांकडून ते करवून घेणारी व्यवस्था. अधिकार हे पद दुहेरी आहे. हुकूम चालवण्याचा हक्क हा त्याचा एक अर्थ, तर त्या हक्काला लागणारी पात्रता हा दुसरा. ‘अमक्याचा या विषयात अधिकार आहे’ असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याला खुर्ची अभिप्रेत नसते. जपानीतही ‘चिकारा’ आणि ‘केनर्योकु’ हे शब्द शक्ती व सत्ता यांच्यातील भेद राखतात. ज्यांना कोणीच अधिकार दिला नाही अशा मुलांच्या हाती अमर्याद शक्ती आली तर काय होईल, हा ‘अकिरा’चा वरवर दिसणारा प्रश्न आहे. त्याच्या आत दडलेला प्रश्न असा, की ती शक्ती त्यांच्यात जागवणाऱ्या प्रौढांना तसे करण्याचा अधिकार कोणी दिला?

२

मूळ जपानी आवृत्तीत कथेचा आरंभ ६ डिसेंबर १९८२ या दिवशी होतो. तोक्यो शहर एका स्फोटात नष्ट होते आणि तिसऱ्या महायुद्धाला तोंड फुटते. कथेचा मुख्य काळ २०१९ हा आहे. तोक्योच्या उपसागरात ‘नव-तोक्यो’ उभे राहिले असून पुढल्या वर्षीच्या ऑलिंपिक सामन्यांची तयारी चालू आहे. २०२० चे सामने तोक्योला मिळाल्याचे २०१३ साली जाहीर झाले आणि महासाथीमुळे ते प्रत्यक्षात २०२१ साली भरले. या योगायोगाचे कौतुक बरेच झाले. परंतु कथेच्या दृष्टीने महत्त्व भाकिताला नाही, क्रीडागाराच्या जागेला आहे. ज्या अकिरा नावाच्या मुलामुळे जुने शहर नष्ट झाले, त्याला याच बांधकामाखाली अतिशीत कोठडीत निद्रिस्त ठेवलेले आहे. नव्या समृद्धीचा देखावा आणि दडवलेला अपराध यांना ओतोमो एकाच जागी, एकावर एक ठेवतात.

कानेदा आणि तेत्सुओ हे या शहरातील दोन किशोर. सर्वसाधारण शिक्षणातून बाहेर फेकल्या गेलेल्या मुलांसाठी असलेल्या धंदेशिक्षणाच्या शाळेत ते शिकतात. शाळेने त्यांच्याकडून काहीच अपेक्षा ठेवलेली नाही. रात्री मोटारसायकलींवरून रस्ते पालथे घालणे आणि गोळ्यांची नशा करणे हाच त्यांच्या जगण्याचा उत्सव. कानेदा टोळीचा म्होरक्या आहे. तेत्सुओ लहानपणापासून त्याच्या मागे चालणारा, त्याच्याकडून वाचवला जाणारा, आणि वाचवले जाण्याचा मनातून तिटकारा करणारा आहे. कानेदाची लाल मोटारसायकल ही या नात्याची खूण होय. तेत्सुओला ती चालवायची असते. कानेदाच्या मते ती त्याला झेपणारी नाही. ज्याला ‘तुला झेपणार नाही’ असे सतत सांगितले गेले, त्याच्याच शरीरात पुढे शहर उलथवणारी शक्ती जागी होते. अपघातानंतर सैन्याच्या ताब्यात गेलेला तेत्सुओ प्रयोगाचा विषय बनतो आणि त्याला ४१ हा क्रमांक मिळतो. त्या शक्तीचा पहिला वापर तो जगाविरुद्ध करत नाही, आपल्याच टोळीविरुद्ध करतो. यामागाता हा जुना सोबती त्याच्या हातून मरतो. ओतोमो यांचे मानसशास्त्रीय भान येथे दिसते. दुखावलेल्या किशोराला शत्रू दूरचा नसतो. ज्याने त्याला लहान मानले तोच त्याचा शत्रू असतो.

येथे जपानी वाचकाच्या सहज ध्यानात येणारा एक संदर्भ सांगणे आवश्यक आहे. मित्सुतेरू योकोयामा यांची ‘तेत्सुजिन २८-गो’ ही चित्रकथा १९५६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. युद्धकाळात शस्त्र म्हणून योजलेला एक प्रचंड यंत्रमानव आणि त्याला दूरनियंत्रकाने चालवणारा शोतारो कानेदा नावाचा मुलगा, हा तिचा विषय. ओतोमो यांनी नायकाचे नाव तेथूनच घेतले. तेत्सुओ व शिकिशिमा ही नावेही त्याच कथेतली आहेत, आणि अकिराचा क्रमांक २८ आहे. योकोयामांच्या कथेत शक्ती मुलाच्या शरीराबाहेर, यंत्रात आहे. नियंत्रक ज्याच्या हाती, त्याचे यंत्र. म्हणून मूल निष्पाप राहू शकते. ओतोमो यांनी यंत्र काढून टाकले आणि शक्ती मुलाच्या शरीरात ठेवली. दूरनियंत्रक मात्र आता लष्कर, शास्त्रज्ञ आणि राजकारणी यांच्या हाती आहे, किंवा तसे त्यांना वाटते. युद्धोत्तर पिढीचे आशावादी स्वप्न पुढच्या पिढीत कसे उलटे झाले, हे या एका फेरफारातून कळते. ओतोमो यांचा जन्म १९५४ चा. हिरोशिमाचा विध्वंस त्यांनी पाहिलेला नाही. ज्या पिढीला तो वारशात आणि मौनात मिळाला, त्या पिढीचे ते लेखक आहेत.

३

तिसऱ्या खंडाच्या अखेरीस नेझू हा राजकारणी अकिरावर गोळी झाडतो आणि ती ताकाशी या दुसऱ्या मुलाला लागते. सोबत्याच्या मृत्यूच्या धक्क्याने अकिराची शक्ती उसळते आणि नव-तोक्यो नष्ट होते. विनाशाचे कारण द्वेष नाही, महत्त्वाकांक्षाही नाही. एका मुलाचे दुःख आहे. हा प्रसंग ओतोमो पानेच्या पाने जवळजवळ शब्दांवाचून चितारतात. कोसळणाऱ्या इमारती, प्रकाश, पाणी. चित्रकथेतील मौन हे लेखनातील मौनाहून निराळे असते. तेथे वाचकाला थांबवायला वाक्य नसते, आणि विनाशाची भव्यता पाहण्यातील स्वतःचा आनंदही त्याला लपवता येत नाही.

पुढचा भाग या विवेचनाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. भग्न शहरात ‘महा तोक्यो साम्राज्य’ स्थापन होते. अकिराला सिंहासनावर बसवले जाते आणि त्याच्या नावाने तेत्सुओ राज्य चालवतो. अकिरा बोलत नाही, आज्ञा देत नाही, त्याला काही हवे आहे असेही दिसत नाही. त्याच्याजवळ सर्वाधिक शक्ती आहे आणि सत्तेची लेशमात्र इच्छा नाही. तेत्सुओजवळ शक्ती आहे, पण ती सत्तेत कशी बदलावी हे त्याला उमगत नाही. अन्न, औषधे, भीती आणि चमत्कार यांवर त्याचे राज्य चालते. प्रत्यक्ष कारभार त्याच्या भोवतालचे लोक हाकतात. रिकामे सिंहासन आणि त्याभोवती जमलेले हिशेबी लोक हे चित्र कोणत्याही राजवटीच्या इतिहासाला परके नाही. शक्ती आपोआप सत्ता होत नाही. तिच्यासाठी मध्यस्थ लागतात, आणि मध्यस्थ आले की शक्तिमान माणूसही साधन बनतो, हे तत्त्व ओतोमो कोणत्याही भाष्याविना दाखवतात.

तेत्सुओच्या देहाची विटंबना हा याच सूत्राचा दृश्य विस्तार आहे. उपग्रहावरील शस्त्राने तुटलेला हात तो धातूच्या भंगारातून घडवतो. ‘तेत्सु’ या शब्दाचा अर्थच लोखंड असा आहे. पुढे हा हात, आणि त्यामागोमाग सारे शरीर, त्याच्या इच्छेबाहेर वाढू लागते. किशोरवयात आपलेच शरीर परके वाटू लागते, हा सार्वत्रिक अनुभव येथे विक्राळ रूप घेतो. चंद्रावर प्रहार करू शकणारा मुलगा स्वतःच्या हाताला आवरू शकत नाही. बाहेरच्या जगावरचे प्रभुत्व आणि स्वतःवरचा ताबा यांचे प्रमाण व्यस्त आहे, एवढेच हे चित्र सांगते. परंतु ते इतक्या शारीर पातळीवर सांगते, की त्याचा उपदेश होत नाही.

४

‘अकिरा’तील प्रौढांचा विचार केल्यावर अधिकाराचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. कर्नल शिकिशिमा हा खलनायक नाही. तो कर्तव्यनिष्ठ आहे, मुलांविषयी त्याला ममता आहे, आणि तरीही ती मुले त्याच्या दृष्टीने प्रथम राष्ट्राची मालमत्ता आहेत. शास्त्रज्ञांना कुतूहल आहे, जबाबदारी नाही. नेझूला मुले डावातील सोंगट्या वाटतात. मियाको ही धर्मपीठाची वृद्ध प्रमुख पूर्वी याच प्रयोगातील १९ क्रमांकाची मूल होती. भग्न शहरातील निराश्रितांना ती आसरा देते आणि तेत्सुओला गोळ्या सोडण्याचा सल्लाही देते. प्रौढांमध्ये अधिकाराची थोडीफार पात्रता तिच्याच ठायी दिसते, ती तिने यातना स्वतः भोगल्यामुळे.

प्रयोगातून वाचलेली कियोको, ताकाशी आणि मासारु ही तीन मुले कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारी पात्रे होत. त्यांची शरीरे लहान मुलांची आहेत आणि चेहऱ्यांवर सुरकुत्या आहेत. त्यांचे बालपण काढून घेतले गेले. बदल्यात प्रौढपण मात्र मिळाले नाही. मराठी वाचकाला येथे चांगदेवाची आठवण व्हावी. परंपरा सांगते की योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगलेला हा सिद्ध ज्ञानदेवांना पत्र लिहू लागला आणि मायना काय लिहावा हे न सुचल्याने कोरा कागद पाठवता झाला. इतकी वर्षे जगूनही तो कोराच राहिला, अशी मुक्ताबाईची त्यावरची टीका प्रसिद्ध आहे. सिद्धी आणि परिपक्वता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मराठी परंपरेने सातशे वर्षांपूर्वीच्या या कथेतून जपले आहे.

ही तुलना पुढे नेता येते. ज्ञानदेवादी चार भावंडांची कथा ही मुळात समाजाने बाहेर टाकलेल्या मुलांची कथा आहे. आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले. मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या धर्मपीठापुढे उभे राहावे लागले. परंपरेने मानलेल्या सनांप्रमाणे १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली तेव्हा ज्ञानदेवांचे वय पंधराच्या आसपास होते. रेड्यामुखी वेद वदवणे आणि भिंत चालवणे हे त्यांच्या नावावरचे चमत्कार म्हणजे ज्यांना अधिकार नाकारला गेला त्यांच्या शक्तीच्या कथा होत. तथापि या कथांचा खरा कळस चमत्कारात नाही. लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचे दार लावून बसले आणि धाकट्या बहिणीने त्यांना ताटी उघडण्याची विनवणी केली, या प्रसंगात तो आहे. ताटीचे अभंग या नावाने ओळखली जाणारी रचना म्हणजे रागावलेल्या किशोराशी त्याच्याहून लहान मुलीने केलेला संवाद होय. तो दरडावणीचा नाही, लाचारीचाही नाही. ‘तुझी योग्यता काय आहे याची आठवण ठेव’ असा त्याचा आशय आहे.

तेत्सुओला ताटीबाहेरून हाक मारणारे कोणी होते काय? काओरी ही मुलगी त्याच्या एकाकीपणात त्याची काळजी घेते. पण तिची हाक पुरती पोचण्याआधीच त्याच्या हस्तकाच्या गोळीने ती मारली जाते. कानेदा त्याला हाक मारतो ती शिव्यांनी, आव्हानांनी आणि शस्त्रांनी. तरीही ती हाकच आहे. सारे जग तेत्सुओला क्रमांक ४१, महामंत्री किंवा राक्षस म्हणून पाहत असताना कानेदा शेवटपर्यंत त्याच्याशी आपल्या टोळीतल्या एका मुलाशी बोलावे तसे बोलतो. अंती अकिरा आणि इतर मुले तेत्सुओची अनावर शक्ती आपल्यात सामावून घेतात. त्या प्रकाशात ओढला गेलेला कानेदा मित्राच्या व त्या मुलांच्या स्मृती पाहतो. दुसऱ्याचे दुःख आतून पाहिल्यावरच कानेदाच्या ठायी काही पात्रता येते. ओतोमो यांनी अधिकाराची दिलेली व्याख्या ही अशी आहे.

५

मराठी किशोरवाङ्मयात असा मुलगा का आढळत नाही, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्त्यांतून वेताळ घरोघरी पोचला. त्याची शक्ती वंशपरंपरेने आणि शपथेने बांधलेली होती. ती चुकीच्या हाती पडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला चलाख, निर्भय आणि न्यायाच्या बाजूचा मुलगा आहे. मराठी विज्ञानकथेने नारळीकरांपासून पुढे बुद्धीचे सामर्थ्य आणि संशोधकाची जबाबदारी हे विषय गांभीर्याने हाताळले. पण तिचा नायक बहुधा प्रौढ आणि सुशिक्षित असतो. या साऱ्या लेखनाने मराठी किशोराला बुद्धी दिली, धाडस दिले, विनोद दिला. राग मात्र दिला नाही. रागावलेले मूल आपल्या कथांत बहुधा शेवटच्या परिच्छेदात शहाणे होते.

याचे एक कारण असे, की हे वाङ्मय ज्या मुलाला समोर धरून लिहिले गेले तो शाळेत सामावलेला, घरी पुस्तके असलेला मुलगा होता. औद्योगिक वसाहतीच्या कडेला वाढणारा, धंदेशिक्षण घेणारा मुलगा त्याच्या कक्षेत फारसा नव्हता. म्हैसूर शहराच्या वायव्य कडेची हूटगळ्ळी घ्या वा पुण्याजवळची भोसरी; भाषा निराळ्या, प्रांत निराळे, पण दोन्हीकडे एकेकाळच्या खेड्याभोवती कारखाने उभे राहिले आणि गावाचे भवितव्य गावाबाहेर ठरू लागले. अशा ठिकाणच्या किशोरासमोर भविष्यकाळाचा आराखडा तयार असतो. त्यात त्याची जागा कोणती, हे त्याला विचारलेले नसते. नव-तोक्योतील मुलांचे दुखणे नेमके हेच आहे. म्हणून ‘अकिरा’तील मोटारसायकलींचा गोंगाट हा केवळ जपानी नगरजीवनाचा तपशील ठरत नाही.

दुसरे कारण अधिकार या संकल्पनेच्या इतिहासात आहे. पात्रता पाहूनच विद्या द्यावी हे तत्त्व ऐकायला विवेकी वाटते. परंतु आपल्या समाजात पात्रता ठरवण्याची मक्तेदारी काहींच्याच हाती राहिली. एकलव्याचा अंगठा ही या तत्त्वाची किंमत आहे. त्यामुळे ‘अनधिकाऱ्याच्या हाती शक्ती गेली की अनर्थ होतो’ असे सूत्र ‘अकिरा’तून काढणे हा तिचा विपर्यास ठरेल. तेत्सुओच्या हाती शक्ती गेली म्हणून शहर नष्ट झाले नाही. माणूस म्हणून त्याला आणि इतर मुलांना आधीच नाकारलेले होते. शक्तीने तो नकार केवळ दृश्य केला.

६

या कृतीच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. केई ही कथेतील समंजस व धाडसी स्त्री-व्यक्तिरेखा; पण निर्णायक लढतीत तिला इतरांच्या शक्तीचे माध्यम व्हावे लागते. काओरीला स्वतःची कथाच नाही. पुरुष किशोरांचे दुःख विश्वव्यापी ठरते आणि मुलींचे दुःख त्याच्या कडेला राहते, ही असमतोल रचना ओतोमो यांच्या लक्षात आल्याचे दिसत नाही. मुक्ताबाईच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला ही उणीव अधिक जाणवेल.

शेवटही वादग्रस्त आहे. मदतीसाठी आलेल्या आंतरराष्ट्रीय सैन्याला कानेदा आणि त्याचे सोबती परत जाण्यास सांगतात. हे आमचे राष्ट्र आहे आणि अकिरा अजून आमच्यात जिवंत आहे, असे बजावतात. उपाशी निराश्रितांच्या वतीने मदत नाकारण्याचा अधिकार या मुलांना कोणी दिला, हा प्रश्न येथे त्यांच्यावरच उलटतो. युद्धानंतर परकीय सैन्याच्या अंमलाखाली राहिलेल्या देशाचा सल या प्रसंगामागे आहे हे मान्य केले, तरी त्यातील राष्ट्राभिमानाचा सूर नजरेआड करता येत नाही. मात्र ओतोमो यांनी या मुलांच्या हाती कोणतीही अलौकिक शक्ती ठेवलेली नाही, हे लक्षणीय आहे. ती शक्ती मुलांबरोबर निघून गेली आहे. मागे राहिले आहेत मोडके रस्ते, काही मोटारसायकली आणि काम. भग्न शहरातून जाणाऱ्या कानेदाच्या बाजूने क्षणभर तेत्सुओ व यामागाता यांच्या आकृती धावताना दिसतात आणि नाहीशा होतात.

मारणारा आणि मारला गेलेला येथे एकाच रस्त्यावर आहेत. त्यांना सोबत घेऊनच पुढे जाता येईल, असे हे चित्र सुचवते. अधिकार प्रमाणपत्राने मिळत नाही आणि शक्तीनेही मिळत नाही. मृतांची आणि दुखावलेल्यांची आठवण वाहून नेण्याने तो हळूहळू येतो. किशोरांसाठी लिहिणाऱ्या मराठी लेखकाला ‘अकिरा’कडून घेण्यासारखे आहे ते हेच. मुलाचा राग शमवण्याची घाई न करता आधी तो ऐकून घेतला पाहिजे. ताटीबाहेर उभे राहून हाक मारण्याची रीत मराठीत फार जुनी आहे. आजच्या किशोराच्या दारापर्यंत ती अद्याप पोचायची आहे.